काटेपट्ट्याचा दिवस

त्या माळावर मेंढरांचे राज्य होते आणि राज्याचे रक्षण कुत्रे करत. माळाच्या तीन बाजूंनी नदी वळसा घालून गेली होती आणि चौथ्या बाजूला डोंगर होता. डोंगरात एकच खिंड होती आणि खिंडीपलीकडे लांडगे राहत. मेंढरे गवत खात, कुत्रे खिंडीत बसत, लांडगे पलीकडे वाट पाहत. ज्याचे त्याला काम नेमून दिलेले असल्याने कोणाला फारसा विचार करावा लागत नसे.

कुत्र्याचे पिल्लू मेंढरांतच वाढवायचे अशी तिथली रीत होती. डोळे उघडायच्या आत ते एखाद्या दुभत्या मेंढीच्या कुशीत सोडत. तिच्या दुधावर ते वाढे, कोकरांबरोबर उड्या मारी, आणि आपण मेंढरू नाही हे त्याला कळेपर्यंत उशीर झालेला असे. मग त्याच्या गळ्यात बाभळीच्या काट्यांचा पट्टा चढवायचा आणि त्याला खिंडीत धाडायचे. लांडगा नरडे धरायला आला की काटे त्याच्या जबड्यात रुतावेत, एवढाच त्या पट्ट्याचा उपयोग.

एका हिवाळ्यात, अवकाळी गारा पडल्या त्या तिन्हीसांजेला, लांडगे खिंडीत उतरले. एकदोन नव्हेत, सगळी टोळी. कुत्रे खिंडीतच उभे राहिले. उजाडले तेव्हा लांडगे परत गेले होते, आणि त्यानंतर ते त्या वाटेला फिरकले नाहीत. कुत्र्यांपैकी एकटा ठिपक्या जिवंत सापडला. त्याचा मागचा एक पाय पुन्हा कधी सरळ झाला नाही.

मेंढरांना फार वाईट वाटले. ते खरेच वाटले होते, आणि पुढच्या गोष्टी ऐकताना हे विसरू नये.

पहिल्या वर्षी कोणी काही ठरवले नव्हते. तो दिवस आला तेव्हा ज्यांना आठवण झाली ती आपापली उठून खिंडीकडे गेली. वाटेत एक पट्टा पडलेला होता. एका मेंढीने तो काय वाटले म्हणून आपल्या गळ्यात अडकवला. काटे टोचले. ती तशीच उभी राहिली आणि बाकीची तिच्याकडे पाहत उभी राहिली. मग सगळी घरी गेली. पुढल्या वर्षी अधिक जण आले, आणि त्यानंतर सगळेच येऊ लागले. सगळे येऊ लागले म्हटल्यावर कोणीतरी व्यवस्था पाहायला हवी होती.

ती वळशिंग्या नावाच्या एडक्याने पाहिली. तो माळाचा प्रमुख होता. त्याची शिंगे कानांभोवती दोनदा वळली होती आणि त्याला समोरून कोणी वळशिंगेरावांखेरीज काही म्हणत नसे. लढाई झाली तेव्हा तो दूधपिते कोकरू होता. त्याला त्या संध्याकाळचे काही आठवत नव्हते, आणि बहुधा म्हणूनच ती विसरली जाईल याची धास्ती सर्वांत जास्त त्याला होती. त्याने दिवसाला नाव दिले: काटेपट्ट्याचा दिवस. प्रत्येकाने त्या दिवशी गळ्यात काटेपट्टा घालायचा. खिंडीतल्या उभ्या दगडाची सावली वळून पायथ्याशी येईपर्यंत कोणी ओरडायचे नाही, आणि रवंथही करायचा नाही. हे दुसरे फार अवघड होते. शेकडो तोंडे बंद राहत आणि शेकडो पोटे गुरगुरत, त्यामुळे ती शांतता लांबून ऐकणाऱ्याला कुठेतरी गडगडल्यासारखे वाटे.

पट्ट्यांचेही तसेच होत गेले. आधी खरे काटे असत. मग लहान कोकरांच्या माना खरचटतात म्हणून त्यांच्यापुरती टोके घासून बोथट केली. मोठ्यांच्या मानाही काही कमी नाजूक नव्हत्या. शेवटी वाळक्या गवताच्या काड्या वळून त्यांचेच काटे करण्याची पद्धत पडली. ते दिसायला खऱ्या काट्यांपेक्षा उठून दिसत आणि गळ्याला उबदार लागत. काही जण दिवसाच्या आधीच पंधरवडाभर पट्टा घालून हिंडत आणि ज्यांनी अजून घातलेला नाही त्यांच्याकडे काही न बोलता पाहत. ज्यांच्याकडे पाहिले जाई ती दुसऱ्या दिवशी दुप्पट रुंदीचा पट्टा घालून येत.

एक म्हातारी मेंढी मात्र त्या दिवशी खिंडीत कधीच जात नसे. तिचे नाव करडी.

करडीला एकच कोकरू झाले होते आणि ते मेलेले जन्मले होते. त्याच सुमारास एक कुत्री पिल्ले टाकून मेली. त्यातले सगळ्यांत गुबगुबीत, बटाट्यासारखे पिल्लू करडीपुढे आणून ठेवले. तिने ते हुंगले, तोंड फिरवले, आणि मग आडवी होऊन त्याला पाजले. त्याचे नाव गुंड्या. लढाईत पडलेल्यांमध्ये तो वयाने सर्वांत लहान होता, आणि लहान असल्यामुळे त्याच्याबद्दल बोलायला सगळ्यांना फार आवडे. वर्षांमागून वर्षे त्याचे नाव वाढत गेले. आधी तो गुंडोबा झाला, मग गुंडोजी, आणि आता त्याला गुंडवीर म्हणत.

त्या वर्षी सोहळा मोठा करायचे ठरले. ओढ्यापलीकडचा एक बोकड उत्तम बोलतो अशी ख्याती होती. त्याची दाढी लांब होती आणि तो प्रत्येक वाक्यानंतर ती वाऱ्यावर जरा हलू देई. त्याला मुख्य भाषणासाठी बोलावले. सगळी तयारी झाली, आणि मग कोणीतरी वळशिंग्याच्या कानाशी लागून म्हणाले, की गुंडवीराची दूधआई अजून एकदाही आलेली नाही. पाहुण्याने विचारले तर काय सांगायचे?

वळशिंग्या स्वतः करडीकडे गेला. ती डोंगराच्या उतारावर एकटी चरत होती.

"आत्या, यंदा तरी याल ना?"

"या उतारावर गवत चांगलं आलंय," करडी म्हणाली. "मी इथंच बरी."

"मंडळी बोलतात, आत्या."

"बोलू देत. तोंड दिलंय त्यांना."

"गुंडवीर तुमच्या दुधावर वाढला. तुम्हीच नसलात तर कसं दिसतं ते?"

"कोण गुंडवीर?"

म्हातारीची आठवण गेली असे वळशिंग्याला वाटले. तो तिच्या कानाशी वाकला आणि एकेक अक्षर सुटे करून मोठ्याने म्हणाला, "गुंड्या, आत्या. तुमचा गुंड्या."

"हां, तो होय," करडी म्हणाली. "मग तसं म्हण की. आणि ओरडतोस कशाला, ऐकू येतं मला."

तिने पुढचा घास घेतला. वळशिंग्या परत गेला. त्याला राग आला नव्हता. प्रमुखाला राग यायला हवा होता, हे त्याला वाटेत आठवले.

ठिपक्या आला तो सोहळ्याच्या आदल्या दिवशी. तो आता पहाऱ्यावर नव्हता. त्याचे कान जवळपास गेले होते आणि चालताना त्याला दर थोड्या अंतरावर थांबून, आपण थांबलो नसून काहीतरी पाहत आहोत असे दाखवावे लागे. नवे कुत्रे खिंडीत बसत. ते त्याला मान देत आणि त्याचे ऐकत नसत. सोहळ्यात मात्र त्याची जागा पुढे असे. तो दरवर्षी जाई, भाषण सुरू होताच झोपी जाई आणि संपल्यावर मानाची दुधाची वाटी पिऊन परत येई.

"करडे, उद्या माझ्याबरोबर चल," तो म्हणाला.

"तुलाही पाठवलं का त्यांनी?"

तिला दुसऱ्यांदा, जास्त मोठ्याने विचारावे लागले.

"नाही. चढ चढवत नाही आता. मागची बाजू ऐन वेळी बसकण मारते. कोणाच्या तरी अंगाला रेलून जावं लागेल. नव्या पोरांना सांगितलं तर ती मला उचलूनच नेतील."

"नाही गेलास तर काय बिघडेल?"

ठिपक्याने त्यावर विचार केला. "दूध चांगलं असतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि नावं घेतात गं. भलतीसलती घेतात, पण घेतात. वर्षभर मी एकटाच ती मनातल्या मनात घेत असतो. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकली की बरं वाटतं."

"तू तर झोपतोस."

"नावं झाली की झोपतो. ती आधी असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या अधू पायाच्या बाजूने चालू लागली आणि तो तिच्या लोकरीत खांदा रोवून चढू लागला. मधे ते अनेकदा थांबले आणि दोघांनीही काहीतरी पाहिले.

खिंडीच्या तोंडाशी दोन तरुण एडके पट्टे तपासत उभे होते. त्यांनी करडीला अडवले, कारण तिच्या गळ्यात पट्टाच नव्हता. मग त्यांनी ठिपक्यालाही अडवले. त्याच्या गळ्यात पट्टा होता, पण तो ठरलेल्या नमुन्याचा नव्हता. काळा पडलेला, निम्मे काटे मोडलेले, आणि वास येत होता.

"हा चालणार नाही, बाबा," एक एडका आदराने म्हणाला. "आमच्याकडे जादा आहेत, त्यातला नवा घ्या."

"काय म्हणतो?" ठिपक्याने विचारले.

"तुझा पट्टा खोटा आहे म्हणतो," करडीने त्याच्या कानात सांगितले.

तेवढ्यात वळशिंग्याचे लक्ष गेले आणि तो शिंगे सावरत धावत आला. त्याने एडक्यांना बाजूला केले, ठिपक्याची क्षमा मागितली आणि दोघांना पुढे नेऊन बसवले. करडीच्या मोकळ्या गळ्याबद्दल तो काही बोलला नाही. मागे मात्र कुजबुज झाली, आणि ती ओळीओळीने शेवटपर्यंत गेली.

पहाऱ्यावरच्या कुत्र्यांना, दगड नीट दिसावा म्हणून, जरा कडेला बसायला सांगितले होते. सोहळा सुरू झाला. आधी नावे घेतली. ठिपक्याने मान उंच करून, डोळे मिटून, ज्या बाजूला थोडे ऐकू येत होते ती बाजू पुढे करून ती ऐकली. नावे संपली आणि त्याचे डोके हळूहळू खाली गेले.

मग बोकड दगडावर चढला. तो खरोखर चांगला बोलत होता. त्याने आधी गारांचे वर्णन केले, आणि अंगावर लोकर असूनही मेंढरे शहारली. मग तो गुंडवीराकडे वळला.

"भय म्हणजे काय," तो म्हणाला, "हे ज्याला जन्मापासून ठाऊक नव्हतं." दाढी हलली. "आकाशात वीज कडाडली, की इतर पिल्लं आईला बिलगत. आणि हे पिल्लू?" दाढी पुन्हा हलली. "हे पिल्लू विजेच्या डोळ्याला डोळा भिडवून उभं राहत असे."

इथे तो थांबला. ती जागा थांबण्याचीच होती. आणि त्या थांबण्यात करडी हसली.

तिने हसू आवरायचा प्रयत्न केला होता. आवरलेले हसू नाकातून बाहेर आले, आणि मेंढीच्या नाकातून येणारे हसू हे काही सभ्य नसते. खिंड डोंगरातली, तिने तो आवाज घेतला आणि दोन्ही कड्यांवर आपटून परत दिला.

ठिपक्या जागा झाला. "काय झालं?" त्याने विचारले. बहिऱ्यांना आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

करडीने त्याच्या कानाला तोंड लावले. "बुवा म्हणतात, आपला गुंड्या विजेच्या डोळ्याला डोळा भिडवायचा."

ठिपक्याने क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग त्याच्या बरगड्या हलू लागल्या. तो हसला, हसता हसता खोकला, खोकता खोकता त्याची मागची बाजू बसली, आणि तो तिच्या अंगावर रेलला तशी तीही पुन्हा हसू लागली. सगळ्या राज्यासमोर, दगडाच्या पायथ्याशी, ती दोघे म्हातारी एकमेकांना धरून हसत होती. कोणी पुढे होऊन त्यांना थांबवावे असे प्रत्येकाला वाटत होते आणि ते काम दुसऱ्याचे आहे असेही वाटत होते. करडीचा आवाज मधेच कुठेतरी फिरला. जवळ बसलेल्या एकदोघांच्या तो लक्षात आला. ती अजून हसत आहे की नाही हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी दुसरीकडे पाहिले.

बोकड पुढचे भाषण विसरला. दगडाची सावली अजून वळायची होती, पण त्या वर्षी ती कोणी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. करडीला वाळीत टाकावे अशी मागणी होती. वाळीत टाकणे ही माळावर लहान गोष्ट नव्हती. तिथल्या थंडीत ऊब असे ती एकमेकांच्या अंगाची. कळपाबाहेर ठेवलेले मेंढरू, त्यातून म्हातारे, पौष काढत नसे. मागणी करणाऱ्यांना हे माहीत होते, पण ते तिच्या मरणाची मागणी करत नव्हते. ते फक्त तिला बाहेर ठेवा म्हणत होते. वळशिंग्याने संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली आणि तो उतारावर गेला.

"आत्या, का हसलात?"

करडी चरायची थांबली. त्याचा चेहरा पाहून तिला कळले की काय चालले आहे.

"बस," ती म्हणाली. तो बसला.

"गुंड्याला गडगडाटाची भीती वाटायची. साधी नाही, फार. ढग दिसला की तो माझ्या पोटाखाली. लहान होता तोवर ठीक होतं. पुढं तो माझ्याहून मोठा झाला, तरी शिरायचाच. तो आत शिरून उभा राहिला की माझे चारही पाय जमिनीवरून सुटायचे. विजा थांबेपर्यंत मी अशी वर, त्याच्या पाठीवर. सगळा कळप बघायचा. ठिपक्या तर मुद्दाम बघायला यायचा." ती पुन्हा हसेल असे वळशिंग्याला वाटले, पण ती हसली नाही. "म्हणून हसले. दुसरं काही नाही."

"आणि त्या दिवशी?" वळशिंग्याने विचारले. हा प्रश्न तो विचारणार नव्हता.

"त्या दिवशी गारा होत्या. विजा होत्या. तो पोटाखालीच होता माझ्या. एवढा थरथरत होता की माझे दात वाजत होते. तेवढ्यात खिंडीतून ठिपक्याची हाक आली." करडीने समोर पाहिले. "तो निघाला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, वळशिंग्या. शेपूट घालून पळाला तो. पार पोटाला चिकटलेली शेपूट. कान मागे, अंग जमिनीला लागलेलं. पळाला तो खिंडीकडे."

वारा गवतातून आला आणि गेला.

"हे सोहळ्यात सांगता येणार नाही," शेवटी वळशिंग्या म्हणाला.

"मी कुठं म्हणते सांगा."

"शेपूट घातली होती असं म्हटलं तर अर्धी मंडळी पुढचं ऐकायचीच नाहीत."

"म्हणून तर मी येत नाही रे. तुम्ही तिथं कोणाचं तरी फार छान सांगता. मी आले की मला वाटतं, हा कोणा दुसरीचा असेल. मग माझा कुठं शोधू मी?"

वळशिंग्या उठला. जाता जाता तो थांबला. "आत्या, त्या संध्याकाळी मी कुठं होतो, माहीत आहे तुम्हाला?"

"तू होय," करडी म्हणाली. "तू तुझ्या आईच्या पोटाखाली होतास. ती माझ्या शेजारीच उभी होती. तू ओरडत होतास, सोसायचा नाही इतका."

संध्याकाळी सभा पुन्हा भरली. वळशिंग्या पुढे झाला. आजवर तो माळाशी कधी खोटे बोलला नव्हता, आणि सवय नसल्यामुळे तो थोडा अडखळला. पण ते अडखळणे गांभीर्याचे आहे असे सगळ्यांना वाटले.

"मी चौकशी केली," तो म्हणाला. "चूक आपली आहे. ही जुनी रीत आहे. खिंडीत पडलेल्याच्या घरच्यांपैकी एकाने दगडासमोर हसायचं असतं. करडीआत्यांनी ती पाळली. आपणच विसरलो होतो."

विसरलो होतो हे कोणालाच आवडले नाही. मग मागून एक वयस्क मेंढी म्हणाली, की हो, तिच्या आईकडून तिने असे काही ऐकले होते. दुसऱ्याला तर ती रीत स्पष्ट आठवत होती. सूर्य मावळायच्या आत निम्म्या माळाला आठवली. वाळीत टाकण्याची मागणी ज्यांनी केली होती ते म्हणाले, की त्यांना फक्त हसण्याची पद्धत खटकली होती. खऱ्या रीतीप्रमाणे ते जरा अधिक खालच्या आवाजात असायला हवे.

तो हिवाळा करडीने कळपाच्या मधोमध, सगळ्यांत उबेच्या जागी काढला. रीत जाणणारी शेवटची म्हणून तिला तिथे आग्रहाने बसवत. ठिपक्यालाही शेजारी जागा मिळाली. तो झोपेत पाय झाडी आणि मान्यवरांना लाथा बसत, पण कोणी तक्रार केली नाही.

पुढच्या वर्षी हसण्याची तालीम महिनाभर आधी सुरू झाली. बोकडाला पुन्हा बोलावले. हसू किती लांब असावे, नाकातून असावे की घशातून, यावर मतभेद झाले. घरच्यांपैकी एकानेच हसायचे तर बाकीच्यांची श्रद्धा कमी आहे की काय, असा प्रश्न तरुणांनी विचारला आणि त्याला उत्तर नव्हते. म्हणून सर्वांनी एकत्र हसायचे ठरले, तीन वेळा, बोकडाने दाढी खाली केली की. तपासनीस एडके ओळींमधून फिरून, कोण नुसतेच तोंड उघडते आहे ते पाहणार होते.

त्या दिवशी सकाळी ठिपक्या उतारावर आला. चढ चढणे आता कोणाच्या अंगाला रेलूनही जमण्यासारखे नव्हते. तो करडीशेजारी पडून राहिला. वर खिंडीत नावे घेतली गेली. करडीने ती ऐकून एकेक त्याच्या कानात सांगितली. गुंडवीर आला तेव्हा तिने गुंड्या सांगितले.

थोड्या वेळाने वर माळ हसला. तीन वेळा, नीट अंतर ठेवून.

"काय आहे?" ठिपक्याने विचारले. जमिनीतून त्याला काहीतरी जाणवले होते.

"आठवण काढताहेत," करडी म्हणाली.

ठिपक्याने मान डोलावली.

उतारावरून वळशिंग्या येताना दिसला. सोहळा संपायच्या आत प्रमुखाने निघून येणे हे पहिल्यांदाच घडत होते. त्याने आपला पट्टा काढून गवतावर टाकला. तो गवताचाच असल्यामुळे पडल्या पडल्या दिसेनासा झाला. तो त्या दोघांजवळ बसला, आणि बराच वेळ आपण सहज आलो आहोत असे दाखवत राहिला.

"आत्या," शेवटी तो म्हणाला, "अजून काही सांगा ना त्याचं. मी कोणाला सांगणार नाही."

करडीने डोके वळवून त्याला आपला उजवा कान दाखवला. कानाच्या कडेला अर्धगोल तुकडा नव्हता. "हे लांडग्याचं काम असं सगळ्यांना वाटतं," ती म्हणाली. "मीही वाटू देते. दात येत होते त्याला. झोपेत चघळायचा. एक दिवस जागी झाले तर तो मिटक्या मारत होता."

वळशिंग्या हसला. ते हसू तालमीतले नव्हते. ते नाकातून आले आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. ठिपक्याने काय झाले म्हणून विचारले, तेव्हा या वेळी त्याच्या कानात वळशिंग्याने सांगितले.

वर सोहळा संपला. मेंढरे खिंडीतून खाली येऊ लागली. सकाळपासून कोणी रवंथ केला नव्हता आणि सगळ्यांना भूक लागली होती. गळ्यातले पट्टे सुटले, काही वाटेतच खाल्ले गेले, आणि कळप उतारावर पांगून चरायला लागला. ऊन चांगले होते. कोण जास्त वेळ हसले यावर कुठे थोडी कुरबूर झाली आणि गवताच्या घासात विरली.

लढाईच्या त्या हिवाळ्याआधी या उतारावर असे कोणी चरत नसे. तेव्हा मेंढरे तोंड डोंगराकडे करून उभी राहत: एक घास, मग मान वर, एक घास, मग मान वर. पोट भरायला सबंध दिवस लागे आणि तरीही ते भरत नसे. आता ठिपक्याने कष्टाने मान उचलली आणि खालपासून वरपर्यंत सगळ्या उतारावर सावकाश नजर फिरवली. म्हातारी, तरणी, दुभती, कोकरे. खिंडीकडे एकाचेही तोंड नव्हते. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे होत्या, रुंद, पांढऱ्या, उन्हात वाफाळलेल्या पाठी, आणि एकही मान वर होत नव्हती.

त्याने त्या पाठी पुन्हा एकदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतल्या. मग त्याने हनुवटी पुढच्या पंजांवर टेकवली आणि डोळे मिटले.